डाव्या बाहीचा बाण

लहान मुलांचे झोपायचे कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे दुर्बीण. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं तिला जास्त आवडायचं. बावीस वर्षं ती तपासणीच्या टेबलापाशी उभी होती. शिवून आलेला प्रत्येक नाइटसूट तिच्या हाताखालून जायचा. एखादा सुटलेला टाका, एखादं उलटं लागलेलं बटण तिच्या नजरेतून निसटेल, असं कधी झालं नाही. नव्या मुली म्हणायच्या, मावशी कापडाकडे बघत नाही, कापडच मावशीला बघून आपला गुन्हा कबूल करतं.

या मुलींना शिकवायची तिची तऱ्हाही निराळी होती. बाहीच्या टोकाला मनगटाशी जी मऊ, ताणली जाणारी पट्टी असते, ती ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून मावशी रंग उतरतो का ते पाहायची. मोठ्यांचे कपडे डोळ्यांनी तपासा, पोरांचे तोंडाने, असं ती सांगायची. बाही चोखल्याशिवाय झोपणारं पोर तिने अजून पाहिलेलं नव्हतं. मुली हसायच्या, पण घासायच्या.

माल मात्र खरंच देखणा असायचा. शंभर टक्के सुती कापड, आतून सायीसारखं. शिवणी दाबलेल्या, मानेला टोचू नये म्हणून मापाची चिठ्ठीसुद्धा शिवलेली नाही, कापडावरच छापलेली. दुकानाच्या काचेआड त्यातला एक लटकलेला दिसला की त्याची किंमत वाचून शिवणाऱ्या बायकाच एकमेकींकडे बघून हसत. एका नाइटसूटला तीन दिवसांची मजुरी. तीन दिवसांत त्यांच्यातली एकेक जण अशा शेकडो बाह्या जोडत असे, आणि घरचं पोर त्यातल्या एकात हात घालू शकत नसे. रस्त्यावर स्वस्तातले मिळत नव्हते असं नाही. ढिगाने मिळत. पण तिसऱ्या धुण्याला गोळे येणारं, घामाने अंगाला चिकटणारं ते प्लॅस्टिकच्या धाग्याचं कापड या बायका चिमटीत धरायच्या आणि परत ठेवायच्या. कापडातलं काही कळत नसतं तर सुखी झाल्या असत्या बिचाऱ्या. सगळं कळत असल्यामुळे पोरं मोठ्या भावंडांच्या विटलेल्या कपड्यांत झोपत होती.

त्यांना आधार एकच, तो म्हणजे सेकंडचा माल. तपासणीत ज्या कपड्यात खोट निघे त्यावर लाल कागदाचा, मागे डिंक लावलेला एक छोटा बाण चिकटवायचा. जिथे खोट तिथे बाणाचं टोक. असे कपडे एका मोठ्या चाकांच्या पेटीत पडत, आणि दर पंधरवड्याच्या शनिवारी दुपारी भांडाराच्या खिडकीतून कामगारांना चहापाण्याच्या किमतीत विकले जात. सेकंड म्हणजे सेकंडच. एक पाय आखूड, गळा वाकडा, छातीवरच्या सशाचा कान पाठीवर. तरी रांग लागायची.

आता दुर्बीणचं पाप सांगायला हवं. तिच्या मुलाचं बालपण बापाच्या जुन्या शर्टात झोपून गेलं होतं. त्या शर्टाच्या कॉलरने पोराच्या मानेवर वळ उठायचे. दिवसभर परक्या पोरांच्या मानेला काही टोचत नाही ना हे बघायचं, आणि संध्याकाळी आपल्या पोराच्या मानेला खोबरेल चोळायचं. आता तो मुलगा मोठा होऊन लांब गेला होता, महिन्यातून एकदा फोन करायचा, आणि मानेवरचे वळ त्याच्या खिजगणतीतही नव्हते. तिच्या मनातून मात्र ते गेले नव्हते. म्हणून कधी एखादी बाई टेबलाजवळून जाताना हळूच म्हणाली, मावशी, माझी दोन वर्षांची झाली हो, की दुर्बीण काही बोलायची नाही. त्या मापाचा एक अगदी निर्दोष नाइटसूट घ्यायची आणि त्यावर बाण चिकटवून पेटीत टाकायची. खोट नाही, मग बाण कुठे लावायचा? तर डाव्या बाहीच्या मनगटावर. तिथे लावला की सहसा कुणी सुपरवायझर दुसऱ्यांदा उलटून बघत नाही.

ही गोष्ट कुणी कुणाला सांगितली नव्हती आणि सगळ्यांना माहीत होती. शनिवारी खिडकी उघडली की शहाणी बाई ससे आणि गळे बघत बसायची नाही. डाव्या बाहीवर बाण दिसला की उचलायची, पैसे द्यायची आणि चालू लागायची. त्याचा अर्थ एकच होता, या कपड्यात काहीसुद्धा खोट नाही.

कारखान्यात दुसरा एक नियम होता, सुईचा. मशीनवर सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, कागदावर चिकटपट्टीने जोडून लावायचे आणि सुपरवायझरला दाखवायचे, तेव्हाच नवी सुई मिळे. तुकडा सापडला नाही तर काम थांबवून तो सगळा गठ्ठा लोखंड शोधणाऱ्या यंत्रातून काढायचा. नियम चांगला होता, त्याला नाव ठेवायला जागा नाही. फक्त ते यंत्र चार महिने बंद होतं. दुरुस्तीचा खर्च वर मंजूर व्हायचा होता, आणि तोवर त्यावर चादर टाकून सुपरवायझर आपला डबा ठेवत होता. यंत्र नाही म्हटल्यावर गठ्ठ्यातला एकेक कपडा कापून फेकावा लागे, आणि जिची सुई तिला घरी जावं लागे. चार महिन्यांत तीन बायका अशा गेल्या होत्या. उरलेल्या बायका पदरच्या पैशाने बाजारातून सुया आणून ब्लाउजच्या आत टोचून ठेवायला शिकल्या. या सगळ्यातून काय निष्पन्न होणार हे ज्याला कळायला हवं होतं त्याचं पोर त्या बाह्या चोखत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दुर्बीणची भाची टेबलाशी आली. ही तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, मुलीचा नवरा कुठे गेला ते त्यालाच माहीत, आणि पदरात तीन वर्षांची पिटुकली. सात महिन्यांपूर्वी दुर्बीणनेच शब्द टाकून तिला मनगटपट्टीच्या मशीनवर लावलं होतं. मुलगी कामाला चांगली होती. पण आता तिच्या ओठांना रंग नव्हता.

"मावशी, टोक मोडलंय," ती कापड दाखवायचं निमित्त करून पुटपुटली. "बाकीची सुई मशीनवरच आहे. टोक नाही सापडत."

मग तिने हळूहळू सांगितलं. टोक मोडलं तरी मशीन काही वेळ टाके टाकत राहतं, फक्त मधूनच एखादा गाळतं. तिच्या ते तिसऱ्या कपड्याला ध्यानात आलं. ती आधी गठ्ठ्यातल्या सगळ्या डाव्या बाह्या करी, मग सगळ्या उजव्या. म्हणजे टोक गेलं असलं तर या तिनांतल्या एकाच्या डाव्या मनगटात. नाहीतर जमिनीवर. जमीन तिची चाचपून झाली होती. ब्लाउजमधली सुई लावून तिने काम पुढे चालूही केलं होतं, आणि या तिन्हींच्या उजव्या बाह्या उरकून ती ते घेऊन आली होती.

दुर्बीणने तिन्ही मनगटं बोटांमध्ये चोळून पाहिली. पट्टी दुहेरी दुमडलेली, शिवण जाड, आणि टोक तिळापेक्षा बारीक. बावीस वर्षांची बोटं, पण त्यांनाही काही लागेना. सरळ मार्ग तिला माहीत होता. हात वर करायचा, सुपरवायझरला बोलवायचं. मग भाची दुपारपर्यंत फाटकाबाहेर. तिने भाचीच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा, मशीनवर बस. हे तीन मी जेवणाच्या सुट्टीत कापून चिंध्यांत टाकते. तू काही पाहिलं नाहीस."

भाची गेली. चांगल्या मालात हे तीन चुकूनही मिसळू नयेत म्हणून दुर्बीणने त्यांवर बाण लावले. विचार करून नाही लावले. जिथे खोट तिथे टोक, हे तिच्या हाताला बावीस वर्षं पाठ होतं. खोट डाव्या मनगटात होती, म्हणून बाण डाव्या मनगटावर गेले. एक, दोन, तीन. मग घडी घालून तिने ते टेबलाखाली पायाशी ठेवले.

जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास उरला होता तेव्हा माल घेणाऱ्या कंपनीची माणसं न सांगता दारात उभी राहिली. एकच पळापळ झाली. चादरीखालच्या यंत्रावरून डबा उचलला गेला. टेबलांखालचं सगळं साफ करा, असा हुकूम सुटला, आणि मावशींना वर बोलावलंय, दर्जाबद्दल विचारणार आहेत, असा दुसरा. दुर्बीण वर जाऊन हात बांधून उभी राहिली. पाहुण्यांनी तिला विचारलं की मुलांच्या कपड्यांत सर्वात जास्त काय जपता. ती म्हणाली, मनगटं. त्यांना उत्तर फार आवडलं. एकाने ते वहीत लिहून घेतलं.

खाली आली तर टेबलाखाली फरशी चकचकीत. बाण दिसले म्हणून झाडणाऱ्या बाईने तिन्ही कपडे उचलून पेटीत टाकले होते. तिची काय चूक? पेटी भांडारात गेली होती आणि भांडाराला कुलूप लागलं होतं.

अजूनही वेळ गेली नव्हती. दुर्बीण भांडारवाल्याकडे गेली, पेटीत चुकून काही गेलंय म्हणाली. त्याने विचारलं, काय गेलंय? आणि तिथे, त्या एका प्रश्नापाशी, तिच्या डोळ्यांपुढे फाटकाबाहेर उभी राहिलेली भाची आली. काहीतरी खोटं तिच्या तोंडून निघालं, माप चुकलंय असं काहीसं. भांडारवाला म्हणाला, मग उद्या रांगेत घ्या ना, सेकंडच आहे. तिथे ती बोलली असती तर एका भाचीची नोकरी गेली असती आणि गोष्ट संपली असती. पुढे कित्येक रात्री तिने त्या खिडकीशी उभं राहून मनातल्या मनात ते वाक्य पुरं केलं. पण वाक्य शुक्रवारी पुरं करायचं होतं.

शनिवारी तपासणीच्या बायकांचा नंबर सर्वात शेवटी असे. आपल्याच माणसांसाठी त्यांनी काही ठेवू नये म्हणून हा नियम होता. दुर्बीण खिडकीशी पोचली तेव्हा पेटीत वाकडे गळे आणि कान हरवलेले ससे उरले होते. डाव्या बाहीवरचे बाण पहिल्या दहा मिनिटांतच गेले होते.

कोणी नेले हे शोधायला तिला फार वेळ लागला नाही. कुणाला कोणत्या मापाचं पोर आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? कॉलर जोडणारी, पॅकिंगमधला बुटका आणि इस्त्रीवाली. ती सुटल्यावर थेट कॉलरवालीच्या घरी गेली. एका खोलीत तीन माणसं, आणि मधोमध नुकतं न्हाऊन निघालेलं पोर नव्या नाइटसुटात नाचत होतं. डावी बाही मनगटापर्यंत ओली झालेली होती. दुर्बीणने त्याला धरलं आणि बटणं काढायला घेतली. पोराच्या अंगातला नवा कपडा उतरवणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. पोराने आकांत मांडला. मापात गडबड झाली आहे, मालकाला मोजून परत द्यायचे आहेत, अशी थाप तिने मारली. कॉलरवालीने कपडा दिला, पण तिचा चेहरा उतरला. दुर्बीण गेल्या गेल्या तिने पॅकिंगमधल्या बुटक्याला फोन लावला. मालकाला डाव्या बाहीचं कळलंय, मावशी अडकलीय, सांभाळून राहा.

म्हणून दुर्बीण बुटक्याच्या दारात पोचली तेव्हा तो कानांवर हात ठेवून उभा होता. त्याने काही घेतलंच नव्हतं. त्या शनिवारी तो रांगेत नव्हताच. एवढं बोलून त्याने तिला हळूच एक डोळा घातला, की मावशी, काळजी नको, जीव गेला तरी तुमचं नाव घेणार नाही. या माणसाची समजूत कशी काढायची? तो तिला वाचवायला बघत होता. रविवारी सकाळी ती पुन्हा गेली, जाताना घरात जपून ठेवलेला मुलाचा चांदीचा करदोडा घेऊन. तो बुटक्याच्या बायकोच्या हातात ठेवला, तेव्हा कुठे ट्रंकेतून दुसरा नाइटसूट बाहेर आला.

इस्त्रीवाली मात्र मुरलेली. दुर्बीणच्याच वयाची, तीस वर्षं वाफेत उभी राहून भुवया झडलेली. तिने दारातच चहा विचारला, आणि कपड्याचं नाव काढताच म्हणाली, "मी तर वाकड्या गळ्याचा घेतला हो मावशी. डावी बाही काय असते तेसुद्धा मला माहीत नाही." आणि मनापासून हसली. दुर्बीणने विनवलं, आवाज चढवला, शपथ घातली. ती आपली हसतच होती. तिच्या लेखी हे सगळ्यांच्या नोकऱ्या वाचवायचं नाटक चाललं होतं, आणि ती आपली भूमिका उत्तम वठवत होती. दुर्बीणने विचारलं, तुझा नातू तरी बाही चोखतो का? त्यावर तिचं हसणं थांबलं आणि तिने दार लोटून घेतलं.

दुपारी भाचीच्या खोलीत मावशी-भाची दारं बंद करून दोन मनगटं उसवायला बसल्या. टाका न् टाका काढला. पट्टीची दुमड उलटून पांढऱ्या ताटलीत झटकली. कपाटाच्या दाराचं लोहचुंबक काढून धागा न् धागा त्यावरून फिरवला. ताटलीत कापसाचे तंतू सोडून काही नाही. शेजारी पिटुकली जमिनीवर पालथी झोपली होती, आपल्या जुन्या झग्याची बाही तोंडात धरून.

भाची म्हणाली, "जमिनीवरच पडलं असेल मावशी. झाडताना गेलं असेल." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. दुर्बीणने ताटली पुसली. तिलाही तसं म्हणायला आवडलं असतं. पण तपासणीवालीला असेल-नसेल चालत नाही. दोन पाहिले, दोन्ही स्वच्छ. तिसरा राहिला.

"मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे," ती म्हणाली. भाचीने नुसतं झोपलेल्या पोरीकडे बोट केलं. दुर्बीण म्हणाली, "म्हणूनच." त्यावर भाची रडली नाही, भांडली नाही. उसवलेल्या दोन्ही बाह्या तिने उगाच पुन्हा घडी करून ठेवल्या. दुर्बीणला वाटलं, हिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी भोंगा व्हायच्या आधी, मशीनं सुरू व्हायच्या आधी, ती दोन रांगांच्या मध्ये उभी राहिली. बावीस वर्षांत तिने तिथे कधी आवाज चढवला नव्हता. "शनिवारी डाव्या बाहीचे जे तीन गेले ते चांगले नव्हते," ती म्हणाली. "त्यातल्या एकात सुईचं टोक आहे. बाण मीच लावले. दोन परत आलेत. तिसरा ज्याच्याकडे आहे त्याने पोराच्या अंगावरून काढा."

भाची मान खाली घालून आपल्या मशीनपाशी उभी होती. सुपरवायझर धावत आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, बाहेर जाणाऱ्या मालात तर नाही ना गेलं? नाही म्हटल्यावर त्याने घाम पुसला. सेकंडमध्ये गेलंय ना, मग ठीक आहे, म्हणाला. ते ठीक आहे दुर्बीणच्या कानात तापल्या सळईसारखं गेलं. दहा मिनिटांत मावशी-भाचीचा हिशेब करून दोघींना फाटकाबाहेर काढण्यात आलं. डाव्या बाहीचं मला केव्हापासून माहीत होतं, मी वयाकडे बघून गप्प बसलो, असंही त्याने ऐकवलं. भाची मागे वळून न बघता तिच्या वाटेने निघून गेली.

दुर्बीण फाटकाशीच उभी राहिली. थोड्या वेळाने इस्त्रीवाली बाहेर आली. कामावरून उठून आली होती, हातात अजून इस्त्रीचं फडकं.

"माझ्याकडे नाही तो," ती म्हणाली. "नातू सहा वर्षांचा झाला माझा. सुनेने चार वर्षं तोंड दाखवलेलं नाही त्याचं. मी घेते ते विकते. मोठ्या रस्त्यावर एक पथारीवाला आहे, तो दुकानाच्या निम्म्या भावाने घेतो माझ्याकडून. शनिवारीच दिला."

गेली चार वर्षं ही बाई दर पंधरवड्याला दोन वर्षांच्या मापाचा नाइटसूट मागत होती. कोणतंही पोर चार वर्षं दोन वर्षांचं राहत नाही. ज्या डोळ्यांतून एक टाका निसटत नाही त्यांना हे दिसलं नव्हतं. इस्त्रीवालीला बोलायला तोंड कुणाला होतं?

दोघी पथारीवर गेल्या. मोजे, टोप्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले कपडे मांडून तो बसला होता. इस्त्रीवालीने वर्णन सांगताच त्याला लगेच आठवलं. चांगला माल होता म्हणाला, मांडल्यावर तासभरही टिकला नाही. रविवारी सकाळी एक माणूस खांद्यावर पोर घेऊन आला होता. किमतीवरून फार घासाघीस केली, शेवटी खिसा उलटा करून होते तेवढे दिले. कोण होता? रस्त्यावरून जाणारा माणूस, त्याला काय नाव असतं? कुठल्या बाजूने आला ते पथारीवाल्याला सांगता येईना. कामावरच्या कपड्यांत होता, एवढंच.

"मी त्याला सांगितलं, बिनधास्त घे, कंपनीचा माल आहे, बाण असलेले तर एक नंबर असतात," पथारीवाला म्हणाला. त्यालाही ते माहीत होतं. "पोराने तो बाण काढून मागितला, तर दिला मी, हातावर चिकटवून. आणि नाइटसूट हातात येतोय तोच त्याची बाही तोंडात. बाप हसला. म्हणाला, बघा, आवडला."

इस्त्रीवालीने तोंडाला फडकं लावलं आणि ती पदपथाच्या कडेला बसली. दुर्बीण उभीच होती. पथारीवाला विचारत होता, काय झालं, पैसे परत हवेत का, आणि ती त्याला काहीतरी उत्तर देत होती, आणि आपण काय बोलतोय ते तिला ऐकू येत नव्हतं.

मग तिने जे करता येईल ते केलं. दोन दवाखान्यांत जाऊन सांगितलं. दुसऱ्या ठिकाणच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि पोराचं नाव विचारलं. बापाचं नाव विचारलं. पत्ता विचारला. नंतर तिने पेन खाली ठेवलं. भाचीच्या खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, सामान घेऊन गेली, कुठे ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या वेळेला दुर्बीण घरातून निघाली आणि पथारीच्या समोरच्या पायरीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही गेली. पथारीवाला आता तिला ओळखू लागला होता, चहा पाठवायचा. समोरून पोरं जायची, कडेवर, बोटाला धरून, खांद्यावर, आणि ती प्रत्येकाचं डावं मनगट बघायची. झोपायचे कपडे घालून रस्त्यावर कुणी येत नाही, तो नाइटसूट कुठल्याशा घरात दिवे मालवल्यावर निघतो आणि सकाळी पुन्हा घडी होऊन ठेवला जातो, हे तिला चांगलं कळत होतं. तरी ती बघत राहायची.